फिरणारी डिश आणि दोन डबे

आमचा जुन्नर तालुका लोकांना शिवनेरीमुळे माहीत असतो आणि नारायणगाव तमाशामुळे. ते योग्यच आहे. पण मी पडले भूगोलाची बाई. मला विचाराल तर हा तालुका आकाशाकडे तोंड करून बसलेल्या थाळ्यांचा आहे. आर्वीला उपग्रह दळणवळणाचं भूकेंद्र झालं, ते १९७१-७२ साली. त्याची थाळी जवळजवळ ३० मीटर व्यासाची होती. नंतर १९९० च्या दशकात खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून रेडिओ दुर्बीण उभी राहिली. तिथे एकेक थाळी ४५ मीटरची आणि अशा ३० थाळ्या! या दोन्हींच्या मधल्या काळात कधीतरी आमच्या शेजारच्या अण्णांच्या गच्चीवर आठ फुटांची एक डिश आली. तीही फिरायची. आजचा लेख तिच्यावर आहे. (पुतण्याने मागेच विचारलं होतं, "काकू, तुम्ही म्हणे डिश जोडायच्या?" घे, हे उत्तर.)

हल्ली घरोघरी भिंतीला ताटाएवढी डिश असते. ती बसवणारा माणूस पंधरा मिनिटांत काम आटपून जातो आणि पुन्हा तिच्याकडे कोणी बघत नाही. त्यामुळे डिश फिरते, आणि ती फिरवणं घरच्या माणसाच्या हातात असतं, ही कल्पनाच आजच्या मुलांना गमतीची वाटते. पण मधली दहा-पंधरा वर्षं तसं होतं, आणि ते कसं आलं नि कसं गेलं हा माझ्या मते एक छोटासा इतिहासच आहे.

सुरुवात अर्थातच आर्थर क्लार्कपासून. १९४५ च्या ऑक्टोबरात 'वायरलेस वर्ल्ड' या इंग्रजी मासिकात त्याचा एक लेख आला. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर उपग्रह सोडला, तर तो पृथ्वीभोवती एक फेरी मारायला पृथ्वीच्या स्वतःच्या फेरीइतकाच वेळ घेईल, म्हणजे खालून बघणाऱ्याला तो एका जागी उभा दिसेल, आणि असे तीन उपग्रह असले की जवळजवळ सगळ्या पृथ्वीवर संदेश पाठवता येतील, असा त्याचा मुद्दा होता. तेव्हा कृत्रिम उपग्रह एकही नव्हता. १९६४ साली सिनकॉम-३ त्या जागी पोचला आणि टोकियो ऑलिंपिकची चित्रं त्यावरून अमेरिकेत दिसली. मी दहावीच्या वर्गात हे शिकवताना विचारायची, उपग्रह जर जागचा हलत नाही तर खालच्या थाळीला मोटर कशाला? मुलं गप्प. उत्तर सोपं आहे. उपग्रह हलत नाही, पण उपग्रह अनेक आहेत. ते सगळे विषुववृत्तावर एका रांगेत उभे आहेत, आणि एकावरून नजर काढून दुसऱ्यावर लावायची तर मान वळवावीच लागते.

आपल्या देशात उपग्रहावरून टीव्ही पहिल्यांदा आला तो मात्र मान न वळवणारा. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असा एक वर्षाचा 'साइट' नावाचा प्रयोग झाला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी आपल्या बाजूला सरकवून ३५ अंश पूर्व रेखांशावर आणला होता. सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत संच बसवले. महाराष्ट्र त्यांत नव्हता, कर्नाटक-आंध्र होते. खुराड्याला लावतात तशा जाळीच्या तीन मीटरच्या डिश, खाली शाळेत किंवा पंचायतीत एक टीव्ही. सकाळी मुलांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी शेती, आरोग्य वगैरे. ज्या खेड्यांत वर्तमानपत्र पोचत नव्हतं तिथे थेट आकाशातून चित्र उतरलं, ही गोष्ट फार मोठी होती आणि मला तिचा आजही अभिमान आहे. पण थाळी कुठे बघणार, काय बघणार, किती वाजता बघणार हे सगळं वरून ठरलेलं. तिला मोटर नव्हती आणि असण्याचं कारणही नव्हतं.

याच प्रयोगाचे दोन आगंतुक प्रेक्षक मला फार आवडतात. एक स्वतः क्लार्क. तो कोलंबोला राहायचा. इस्रोच्या लोकांनी त्याच्या घरी जाऊन डिश बसवून दिली, आणि ज्याने तीस वर्षांपूर्वी कागदावर हे मांडलं होतं तो आपल्या घरी बसून भारतातल्या खेडुतांसाठीचे कार्यक्रम बघू लागला. दुसरा स्टीव्ह बर्किल, इंग्लंडमधल्या शेफील्डचा हौशी रेडिओवाला. त्याने घरी डिश आणि रिसिव्हर तयार केला, झोताच्या पार कडेला असूनही आपल्या 'साइट'ची चित्रं पकडली, आणि युरोपातल्या हौशी लोकांना समजलं की हे घरी जमण्यासारखं आहे. आपल्या खेड्यांसाठी सोडलेलं चित्र शेफील्डच्या परसात उतरलं... असो.

मोटर आली ती अमेरिकेतून. १९७५ च्या सप्टेंबरअखेर एचबीओ या कंपनीने आपले कार्यक्रम उपग्रहावरून केबल कंपन्यांना पाठवायला सुरुवात केली. टेलर हॉवर्ड नावाचे स्टॅनफर्ड विद्यापीठातले एक प्राध्यापक होते. त्यांनी १९७६ मध्ये जुन्या थाळीला स्वतः बनवलेला रिसिव्हर जोडला आणि घरी तेच सिनेमे बघू लागले. माणूस सरळ. त्यांनी एचबीओला पत्र लिहून शंभर डॉलरचा चेक पाठवला, की मी तुमचे सिनेमे बघतो, हे घ्या पैसे. कंपनीने चेक परत केला! आम्ही मोठ्या केबल कंपन्यांशी व्यवहार करतो, एकट्यादुकट्याशी नाही, असं कारण दिलं. पुढे दहा वर्षांनी, १९८६ च्या जानेवारीत, याच कंपनीने आपलं चित्र कुलूपबंद करून परसात डिश लावलेल्यांकडे पैसे मागायला सुरुवात केली, तेव्हा लोक चिडले. त्या एप्रिलमध्ये एका तंत्रज्ञाने रात्री काही मिनिटं उपग्रहावर एचबीओच्या चित्रावर स्वतःचा निषेधाचा मजकूर चढवला होता. चूक ते चूकच, पण परत केलेला तो शंभर डॉलरचा चेक मला आठवतो खरा.

तर मोटर. अमेरिकेच्या डोक्यावर लवकरच बरेच उपग्रह झाले. सिनेमा एकावर, खेळ दुसऱ्यावर, बातम्या तिसऱ्यावर. प्रत्येक वेळी परसात जाऊन डिश ढकलायची, तीही बर्फात, म्हणजे अवघडच. मग त्यांनी खगोलशास्त्रज्ञांची जुनी युक्ती उचलली. दुर्बिणीचा एक आस पृथ्वीच्या आसाला समांतर ठेवला की ताऱ्यामागे जायला एकच मोटर पुरते. उपग्रहांची रांगही विषुववृत्तावरच, म्हणून डिशलाही तेच लागू. एक आस, एक मोटर, आणि डिश पूर्वेकडून पश्चिमेकडे कमानीत फिरते. ती ढकलायला एक लांबट दांडा असतो. आतला स्क्रू फिरला की दांडा लांब होतो किंवा आखूड होतो. दुकानदार त्याला जॅक म्हणायचे. मोटर ३६ व्होल्टची. स्क्रूच्या प्रत्येक फेऱ्याला एक लोहचुंबक एका बारीक स्विचवरून जातो आणि स्विच 'टक्' करतो. घरात जो डबा असतो तो हे ठोके मोजतो. त्याला म्हणतात पोझिशनर.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण सगळी गंमत तिथेच आहे. चित्र दाखवणारा डबा वेगळा, तो रिसिव्हर. डिश हलवणारा डबा वेगळा, तो पोझिशनर. पुढे दोन्ही एकाच पेटीत यायला लागले, पण सुरुवातीला, आणि आपल्याकडे बराच काळ, ते वेगवेगळ्या कारखान्यांतून आलेले आणि एकमेकांना न ओळखणारे असे असायचे. रिसिव्हरला चॅनेलची कंप्रता माहीत, डिश कुठे आहे ते माहीत नाही. पोझिशनरला ठोक्यांचा आकडा माहीत, तिथे काय दिसतं ते माहीत नाही. आणि उपग्रह म्हणजे काय हे तर दोघांनाही माहीत नाही. ते फक्त माणसाला माहीत. दोघांमधला निरोप्या तो.

आता अण्णांकडे येऊ. अण्णा द्राक्षबागायतदार. त्यांचा धाकटा भाऊ कुवेतमध्ये नोकरीला होता. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतलं आणि घरात चूल पेटेनाशी झाली. फोन बंद. दूरदर्शनवर रात्रीच्या बातम्यांत दोन-तीन वाक्यं. पत्र यायचा प्रश्नच नव्हता. अण्णांची आई दिवसभर रेडिओजवळ बसायची. एअर इंडियाने त्या वेळी लाखाच्या वर माणसं अम्मानहून मायदेशी आणली, त्यांत तोही आला, फक्त अंगावरच्या कपड्यांनिशी. पुढे जानेवारी १९९१ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत सीएनएनवर ते थेट दिसतं असं त्यांना कळलं. अण्णा मला म्हणाले होते, "बाई, म्हणजे दिसत होतं. आपल्याला दिसत नव्हतं एवढंच." ते वाक्य त्यांच्या मनात राहिलं. १९९३ ची दिवाळी झाल्यावर त्यांनी डिश आणली. गावात केबल येऊ घातली होती, तरीसुद्धा. केबलवाला दाखवेल तेच बघायचं तर दूरदर्शन काय वाईट, असं त्यांचं म्हणणं.

रिसिव्हर मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून. पोझिशनर दुसऱ्याच दुकानातून. दुकानाचा माणूस आला, पत्र्याच्या टाकीशेजारी उभं राहून होकायंत्र बघितलं, एशियासॅटवर स्टार टीव्ही लावून दिला, चहा घेतला आणि गेला. दुसऱ्या दिवशी डिश पश्चिमेला नेऊन परत आणली तर काहीच दिसेना. दुकानातून उत्तर आलं की माणूस पुढच्या महिन्यात येईल. तेव्हा अण्णा माझ्याकडे आले. "बाई, ते तुमचं अक्षांश-रेखांश काढा आता बाहेर. वीस वर्षं पोरांना शिकवताय." सोबत दोन्ही डब्यांच्या इंग्रजी पुस्तिका. मी मराठीतून बी.ए. झालेली. शब्दकोश घेऊन दोन रात्री बसले. त्यात जे होतं ते नववीच्या पुस्तकापलीकडचं नव्हतं, हे सांगायला मला अजून आनंद होतो.

पहिलं काम दक्षिण शोधायचं. होकायंत्राची दक्षिण आणि खरी दक्षिण यांत आपल्याकडे एक अंशाहूनही कमी फरक आहे. कॅलिफोर्नियात तो पंधरा अंशांच्या आसपास होता, म्हणून त्यांच्या पुस्तिकेत त्याचं एवढं अवडंबर. आपली अडचण वेगळी, गच्चीवरची टाकी आणि स्लॅबमधलं लोखंड. सुई तिकडेच ओढली जाते. म्हणून होकायंत्र ठेवून दिलं आणि सावली घेतली. सरळ काठी ओळंब्यात उभी केली, तिच्याभोवती खडूने वर्तुळ काढलं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला जिथे आत शिरताना लागलं तिथे एक खूण, दुपारनंतर जिथे बाहेर पडताना लागलं तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा. ही रीत कात्यायनाच्या शुल्बसूत्रात आहे, यज्ञवेदी आखायला. अण्णांच्या आईला ते ऐकून फार बरं वाटलं. त्यांनी खडूच्या वर्तुळावरून कुणाला चालू दिलं नाही.

आणि इथे आमच्या गावाचं एक भाग्य. नारायणगाव जवळजवळ बरोबर ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे. इन्सॅट-१बी हा १९८३ साली चॅलेंजर यानातून सोडलेला आपला उपग्रह ७४ अंशांवरच उभा केला होता, आणि १९९३ मध्ये त्या जागी इन्सॅट-२ए होता. म्हणजे आम्ही दक्षिणेला तोंड करून उभे राहिलो की तो थेट समोर! आमची दुपार घड्याळात बाराला होत नाही, कारण घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, मिर्झापूरकडचं. साडेआठ अंशांचा फरक, दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे चौतीस मिनिटं. शिवाय ऋतूप्रमाणे थोडं मागेपुढे. वर्गात हे गणित मी कितीतरी वेळा घातलं होतं. त्या दिवशी ते पहिल्यांदा कोणाच्या कामाला आलं.

मग खांब. तो गवंड्याच्या ओळंब्याने चारी बाजूंनी सरळ पाहिजे. तो तिरका असेल तर पुढचं सगळं वाया. दुकानाच्या माणसाने हे बघितलंच नव्हतं. खांब एका बाजूला बोटभर कललेला होता. अण्णांनी गवंडी बोलावून तो दिवसभरात सरळ करून घेतला.

त्यानंतर आस. आस पृथ्वीच्या आसाला समांतर हवा, म्हणजे त्याचं वरचं टोक ध्रुवताऱ्याकडे हवं. आणि ध्रुवतारा क्षितिजावर किती अंश दिसतो? जितका आपला अक्षांश तितका. आमचा १९. कंपासपेटीतला कोनमापक, त्याला दोरा आणि नट बांधून ओळंबा केला आणि आस १९ अंशांवर घट्ट केला. रात्री मुद्दाम वर गेलो. आसाच्या नळीला डोळा लावून बघितलं तर डोंगराच्या थोडा वर ध्रुव दिसत होता. अण्णांचा भाऊ म्हणाला, "कुवेतला हा जास्त वर असायचा." बरोबर आहे, तिथला अक्षांश २९.

पण एवढ्याने भागत नाही. तारे इतके दूर की त्यांच्या बाबतीत आपण विषुववृत्तावर आहोत की जुन्नरात याने फरक पडत नाही. उपग्रह मात्र जवळचे. आपण उत्तरेला सरकलो की ते जरा खाली, दक्षिणेला झुकलेले दिसतात. म्हणून आसाच्या काटकोनापेक्षा डिश आणखी थोडी दक्षिणेला झुकवायची. आमच्या अक्षांशावर सुमारे ३.३ अंश. दुकानाच्या माणसाने हा स्क्रू हातच लावल्याशिवाय सोडला होता. त्यामुळे एक उपग्रह दिसायचा आणि बाकीचे नाही. आठ फुटी डिशची नजर दोन अंशांच्या आसपास रुंद असते. त्यात एक अंश इकडेतिकडे झाला की चित्रात मुंग्या. तिकडे उपग्रहाच्या अंतरावर तो एक अंश सहाशे किलोमीटरच्या वर होतो!

आता डिश कमानीच्या माथ्यावर आणली. अण्णांचा मुलगा खाली टीव्हीपाशी, मी जिन्यात, अण्णा गच्चीवर. "आलं का?" "मुंग्या!" "आता?" "मुंग्या!" "आता?" "...बाई, दूरदर्शन!" अण्णांच्या आईने विचारलं, हेच बघायचं होतं तर अँटेना काय वाईट होती. प्रश्न रास्त होता. पण दक्षिण पक्की झाली. तिथून जॅकने पूर्वेला निघालो. १०५.५ अंशांवर एशियासॅट, क्षितिजापासून ४८ अंश वर. इथे नियम असा की टोकाला गेल्यावर डिशची कड हाताने हलकेच वर उचलून बघायची. चित्र सुधारलं तर खांबावरची अख्खी बैठक केसभर पूर्वेला फिरवायची. खाली दाबून सुधारलं तर पश्चिमेला. मग परत माथ्यावर, परत टोकाला. तीन-चार फेऱ्यांत कमान जुळली. ८३ अंशांवर इन्सॅट, ९३.५ वर इन्सॅट, १०५.५ वर एशियासॅट, सगळे वाटेत उभे. अण्णा एवढंच म्हणाले, "रांगेत आहेत की हो!" फळ्यावर कितीही चित्रं काढली तरी कोणत्याच विद्यार्थ्याने ते असं म्हटलं नव्हतं.

रशियाचे गोरिझाँट उपग्रह तेवढे शिस्तीत नव्हते. त्यांना उत्तर-दक्षिण सरळ ठेवण्याची सोय नसल्यामुळे ते दिवसभरात आकाशात इंग्रजी आठाच्या आकाराचा लहानसा फेरा मारायचे. एका आसाच्या डिशला ते दिवसाच्या काही तासांतच नीट सापडत. काही भारतीय वाहिन्याही सुरुवातीला रशियन उपग्रहांवर होत्या, त्यामुळे तो फेरा आम्हाला पाठ झाला.

शेवटचं काम पोझिशनरच्या दोन्ही टोकांच्या हद्दी ठरवायचं. त्या ठरवल्या नाहीत तर जॅक आपला ढकलतच राहतो आणि एक तर दांडा वाकतो किंवा डिश खांबावर आदळते. चार तारा, दोन जाड मोटरच्या, दोन बारीक ठोक्यांच्या. बारीक तारा जाळीच्या वेष्टणातल्याच घ्यायच्या आणि मोटरच्या तारांपासून लांब न्यायच्या, नाहीतर मोजणीत भलतेच ठोके येतात. अण्णांनी एक शंभर पानी वही केली. डावीकडे उपग्रहाचं नाव, मध्ये ठोक्यांचा आकडा, उजवीकडे रिसिव्हरवर काय लावायचं ते. ही वही म्हणजे त्या दोन डब्यांमधला दुभाष्या. डिश हलत असताना वीज गेली तर मोटर थांबता थांबता दोन-चार ठोके मोजायचे राहून जात. मग सगळे आकडे तेवढ्याने सरकत. वीज काय, आमच्याकडे जायचीच. म्हणून वहीतल्या आकड्यांवर पेन्सिलीचे आकडे, त्यावर पुन्हा आकडे.

मार्चमध्ये एक ताळा मिळाला. वर्षातून दोनदा, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या सुमारास, काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीमागून जातो आणि काही मिनिटं चित्र बुडतं. आमच्याकडे एशियासॅटचा मुहूर्त मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी सव्वादहा-साडेदहाच्या दरम्यान. डिश बरोबर रोखलेली असेल तर त्या वेळी मधल्या एलएनबीची सावली थाळीच्या अगदी मध्यभागी पडते. रविवार बघून मी दहावीच्या मुलींना घेऊन गच्चीवर गेले होते. सावली सरकत सरकत मध्यावर आली आणि खालून आजींनी ओरडून सांगितलं, "गेलं चित्र!"

काय बघितलं त्या डिशवर? खरं सांगायचं तर रोज काही थोर नाही. स्टार प्लसवरच्या इंग्रजी मालिका, प्राइम स्पोर्ट्सवर कुस्ती, मुलं झी टीव्हीला चिकटलेली. अण्णांचा भाऊ मात्र रात्री जेवण झालं की बीबीसी लावायचा. इंग्रजी त्याला बेताचंच येई. नकाशा दाखवला की पुढे सरकून बसायचा. कुवेतला त्याचे काही सोबती राहिले होते, ते कुठे दिसतील असं त्यालाही वाटत नसणार. पण तो बघायचा. कधी कधी काही न लावताच बटण दाबून डिश या टोकापासून त्या टोकापर्यंत नेई आणि टीव्हीवर मुंग्या, चित्र, मुंग्या, चित्र असं जाताना बघत बसे. घरच्यांना तो वेडेपणा वाटे. मला वाटत नसे. १९९० च्या ऑगस्टात त्या घरात कोणालाच काही दिसत नव्हतं, हे मी शेजारून पाहिलं होतं.

याच काळात दिल्लीत एक खटला चालला होता. १९९३ च्या हिरो कप क्रिकेटचं प्रक्षेपण बंगाल क्रिकेट संघटनेने परदेशी कंपनीला दिलं, आणि १८८५ च्या तार कायद्याचा आधार घेऊन सरकार म्हणालं की प्रक्षेपणाचा अधिकार आमचाच. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्या. पी. बी. सावंत, न्या. मोहन आणि न्या. जीवन रेड्डी. आकाशातल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांवर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, त्यांचं नियंत्रण स्वतंत्र सार्वजनिक संस्थेकडे असावं, असा तो निकाल. अण्णांनी कात्रण वहीत चिकटवून ठेवलं होतं. त्यांचं म्हणणं, आपण दोन वर्षं आधीच निकाल लावला!

मग हे संपलं कसं? एका फटक्यात नाही. आधी गावात केबल आली, महिन्याला थोड्या पैशांत सगळं तयार. मग वाहिन्या एकेक करून कुलूपबंद झाल्या, मग डिजिटल झाल्या आणि जुना रिसिव्हर त्यांच्यापुढे आंधळा ठरला. लहान डिशवर दिसणाऱ्या केयू बँडच्या प्रक्षेपणावर सरकारने १९९७ मध्ये बंदी घातली होती, ती २००० साली उठली. २००३ मध्ये खाजगी डीटीएच सुरू झालं, २००४ च्या डिसेंबरात दूरदर्शनचं मोफत डीडी डायरेक्ट प्लस आलं. ताटाएवढी डिश, एकच उपग्रह, बारा महिने तिकडेच तोंड. 'साइट'च्या खेड्यांतल्या जाळीच्या थाळीसारखीच, फक्त आता ठरवणारा कंपनीवाला. सोय मोठी झाली हे मी नाकारत नाही. माझ्याही भिंतीला तीच आहे आणि खांबाचा ओळंबा मला बघावा लागत नाही.

हौशी लोक मात्र टिकून राहिले. युरोपात नवी पद्धत निघाली, डायसेक नावाची. रिसिव्हर चित्राच्याच केबलमधून मोटरला हुकूम देतो, वेगळा डबा लागत नाही. त्यावर एका इटालियन कंपनीने आणखी सोय केली. आपला अक्षांश-रेखांश रिसिव्हरला सांगायचा, कोन तो स्वतः काढतो. पण या मोटरा मीटर-सव्वा मीटरच्या हलक्या डिशसाठी. आठ-दहा फुटी जाळी ओढायची तर ३६ व्होल्टचा जॅक आणि त्याचा वेगळा डबा लागतोच. मग नव्या रिसिव्हरचा हुकूम जुन्या जॅकला समजावा म्हणून मध्ये तिसरा डबा! आणि रिसिव्हरने कितीही गणित केलं तरी खांब सरळ आणि दक्षिण खरी लागतेच. कोणाकडे जुनी डिश पडली असेल आणि हात साफ करायचा असेल तर क्रम तोच ठेवा. आधी ओळंबा, मग सावली, मग अक्षांश, मग वरचे तीन अंश, आणि सुरुवात दक्षिणेच्या सर्वांत जवळच्या उपग्रहापासून. एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत सावलीच्या नादी लागू नका. त्या दिवसांत आपल्याकडे दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, मधले काही आठवडे तर उत्तरेलाही जातो, आणि सावली इतकी आखूड पडते की काही कळत नाही.

अण्णा आणि त्यांच्या आई आता नाहीत. भाऊ आहे, तो बाग बघतो. पोझिशनर जळाला, रिसिव्हर भंगारात गेला, वही माझ्याकडे आहे. डिश मात्र अजून गच्चीवर आहे. सून तिच्या आतल्या बाजूला कापड पसरून सांडगे वाळवते, तिरकी असल्यामुळे खालच्या अर्ध्या भागातच. जॅक गंजून बसलाय तो १०५.५ वर. ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, सकाळी दहाच्या सुमारास, एलएनबीची सावली अजूनही मध्यभागी येते.